शून्याकडचं टोक

सव्वीस वर्षं मी टेपचं एक टोक धरलं.
दुसरं साहेबांच्या हातात असे,
म्हणजे आकडा त्यांच्याकडे
आणि शून्य माझ्या अंगठ्याखाली.

कुही-मांढळच्या मधात आमचा हिरडा नाला.
उन्हाळ्यात बघाल तर नाला म्हणणार नाही.
बेशरमचं रान.
जांभळी फुलं, पोकळ दांडे,
जनावर तोंड लावत नाही,
चुलीत घातली तर नुसता धूर.
खाली पाणी आहे की नाही
हे पाणकोंबडीला ठाऊक.

त्या साली फायलीत खोलीकरण मंजूर झालं.
पिवळं मशीन आलं, तीन दिवस राहिलं,
त्यातला दीड दिवस डिझेलची वाट बघत.
काढलेला गाळ तिथेच थडीवर टाकला,
जसा आपण नको तो घास
ताटाच्याच कडेला सारून ठेवतो.

मग मोजणी.
खडतकर ओव्हरसिअर पात्रात उतरले,
बूट काढून, पँट दुमडून.
मला म्हणाले, चढ.
मी थडीवर उभा राहिलो.
म्हणाले, अजून वर.
अजून वर म्हणजे गाळाचा ढीग.
ओला होता. पोटरीपर्यंत रुतलो,
तिथून शून्य धरलं.

तीन मीटर दहा, ते बोलले
आणि वहीत लिहिलं.
मी खाली पाहिलं.
त्यांचं टक्कल बरोब्बर जुन्या थडीला लागलं होतं.
उभा माणूस, तेवढाच नाला.
बाकी सगळा माझ्या पायाखालचा चिखल.

खोटं कोणी बोललं नाही.
टेप ताणलेला होता, आकडा खरा होता.
मी फक्त उभा नको तिथे होतो.

आषाढात ढीग घसरला,
जिथून आला तिथे परत गेला.
मशीनने तोडलेले बेशरमचे तुकडे
पडले तिथे रुजले,
रपट्याखालच्या तिन्ही पाइपांत
हात घालून बसले.

रपट्याच्या वरच्या अंगाला सायत्रा तितरमारेचं वावर.
दोन एकर बांधी, धुऱ्यावर तूर,
कोपऱ्यात मिरचीचे दोन वाफे.
ती मला दरवर्षी विचारायची,
भाऊ, तुम्ही तं मोजता, किती खोल हाये नाला?
मी म्हणायचो, वहीत तीन मीटर दहा.
वहीत धान बी लावता येते का, ती म्हणायची
आणि हसायची.
मीही हसायचो. आता ते आठवतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबतीला,
पोरं ओरडत वेशीकडे निघाली:
खोकला घेऊन जाय गे मारबत,
ढेकूण घेऊन जाय गे मारबत,
आणि कोणीतरी मागून,
बेशरम घेऊन जाय.

रात्री पाणी आलं.
बेशरम कुठे गेली नाही.
पाणी रपट्याशी येऊन थांबलं,
पाहुणा दाराशी थांबतो तसं,
मग डावीकडे वळलं,
धुरा फोडून बांधीत शिरलं.

सकाळी धान उभंच होतं,
फक्त गाळाच्या आत.
तलाठ्याने पंचनाम्यात लिहिलं, अतिवृष्टी.
वरून पडतं तेवढंच मोजायचं असतं.

आता मी रिटायर आहे.
टेप सरकारी होता, जमा केला.
एक बांबू घेतला,
वीतवीत अंतरावर खाचा पाडल्या
आणि नाल्यात उतरलो.
या वेळी खाली मी.

सायत्राबाईला म्हटलं, वर उभ्या राहा,
ढिगावर नाही, धुऱ्याच्या पातळीला.
तिने बांबू हाताने चाचपला,
थडी लागली तिथे बोट ठेवलं.
मी पायाने तळ शोधत होतो,
गाळ सरकत होता, काहीतरी टोचलं.

किती, तिने विचारलं.
पाच वीत.
तिने बोट काढलं नाही.
म्हणाली, लिहा मंग.

माझ्याकडे वही नव्हती.